दहापैकी किती?

गेमच्या दुनियेत आमच्या पिढीला भेटलेला पहिला आकडा खोटा होता. तो कॅसेटवरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेला असायचा: ‘९९९९९९९ इन १’. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे मशीन मिळायचं, ते बहुतेक वेळा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असायचं. त्यात घालायच्या प्लॅस्टिकच्या डबीला कुणी कार्ट्रिज म्हणत नसे, ती कॅसेट. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची, ती खाचेत दाबून बसवायची, टीव्हीचा चॅनल जुळवायचा, की पडद्यावर यादी सरकू लागायची. दहा-पंधरा नावं झाली की यादीतली बनवाबनवी सुरू व्हायची. मारिओच पुन्हा, पण तिसऱ्या लेव्हलपासून. काँट्राच पुन्हा, पण तीस लाइफ घेऊन.

ही गोम दुकानदार सांगत नसे. ती सांगायचा गल्लीतला मुलगा, ज्याने आदल्या आठवड्यात तीच कॅसेट भाड्याने आणलेली असायची. “नको आणूस. दहाच गेम आहेत, त्यातले दोन बरे.” आपण परीक्षण करतोय हे त्या मुलाच्या गावीही नसायचं. पण त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण त्याने गेम खेळून पाहिलेला होता, पैसे त्याचे स्वतःचे गेलेले होते, आणि तो आपल्या ओळखीचा होता. त्याला मारामारीचे गेम आवडतात आणि कोडी सोडवायचा कंटाळा येतो, हे माहीत असल्यामुळे त्याचं मत कुठे उणं-अधिक करून घ्यायचं तेही कळायचं.

आज गेम घेण्याआधी आपण आकडा पाहतो. दहापैकी नऊ, शंभरपैकी शहाऐंशी. हा आकडा कुठून आला आणि कुणाकुणाच्या हातांतून फिरला, याचा माग काढत गेलं तर दिसतं ते असं, की गल्लीतल्या मुलाच्या त्या तीन गोष्टी वाटेत एकेक करून गळून पडल्या आहेत.

पावलीचा हिशेब

सुरुवातीला गेमला मार्क द्यायला माणूस लागतच नव्हता. १९७२ मध्ये अटारी या नव्या कंपनीने ‘पाँग’चं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ नावाच्या बारमध्ये नेऊन ठेवलं. थोड्याच दिवसांत मालकाचा निरोप आला, मशीन बंद पडलंय. ते बनवणारा तरुण इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न बघायला गेला, तर सर्किट ठणठणीत होतं. आतला नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता आणि पुढचं नाणं आत सरकायला जागा उरली नव्हती.

याहून प्रामाणिक परीक्षण गेमच्या इतिहासात झालेलं नाही. पाव डॉलरचं नाणं, म्हणजे अमेरिकेची पावली, टाकायची, दोन-चार मिनिटं खेळायचं, आवडलं तर दुसरी पावली टाकायची. खेळणारा, पैसे देणारा आणि मत देणारा माणूस एकच. १९७४ मध्ये ‘प्ले मीटर’ हे मासिक सुरू झालं तेही खेळणाऱ्यांसाठी नव्हे, अशी मशीनं बाळगणाऱ्या धंदेवाल्यांसाठी. त्यांचा प्रश्न सरळ होता: हे मशीन आठवड्याला गल्ला किती जमवतं?

मशीन घरात आलं आणि हा हिशेब उलटा झाला. १९७६ मध्ये ‘फेअरचाइल्ड चॅनल एफ’ हे बदलत्या कार्ट्रिजचं पहिलं कन्सोल बाजारात आलं. त्यामागच्या चमूचा प्रमुख होता जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय अमेरिकी इंजिनिअर. पुढच्याच वर्षी अटारीचं ‘व्हीसीएस’ १९९ डॉलरला आलं. आता पावलीच्या जागी एका गेमला वीस-तीस डॉलर, तेही खेळायच्या आधी आणि दुकानातच मोजायचे. खोक्यावर घोडे, विमानं, अंतराळयानं यांची झोकदार रंगचित्रं असत. घरी आणून लावल्यावर पडद्यावर चार चौकोन पळताना दिसत. पाकीट बंद, मालाचा पत्ता नाही. परीक्षणाची गरज जन्मली ती या अंधारात.

त्याच सुमारास ‘गेम कुणी बनवला?’ हा प्रश्नही विचारता येऊ लागला. अटारी आपल्या प्रोग्रॅमरांची नावं कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने ‘ॲडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचं नाव लपवून ठेवलं, ते याच रागापोटी. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे तर अटारी सोडून बाहेर पडले आणि जिम लेव्हीला सोबत घेऊन १९७९ मध्ये त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. तिने गेमसोबतच्या पुस्तिकेत करणाऱ्याचं नाव आणि फोटो छापला. आज एखादा मुलगा ‘अमक्या स्टुडिओचा आहे, मग डोळे झाकून घेतो’ म्हणतो, त्या म्हणण्याचं मूळ या पुस्तिकेत आहे.

परीक्षकही १९७९ मध्येच अवतरले. बिल कंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी ‘व्हिडिओ’ नावाच्या मासिकात ‘आर्केड ॲली’ हे सदर सुरू केलं. दोघं आले होते विज्ञानकथांच्या हौशी वर्तुळातून, जिथे वाचकच अंक काढतात आणि एकमेकांच्या कथांची सालं काढतात. १९८१ मध्ये जॉइस वॉर्ली यांच्यासह त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ निघालं. गल्लीतला मुलगा आता छापील झाला होता.

वाळवंट आणि शिक्का

छापील झाला खरा, पण पूर अडवायला पुरा पडला नाही. ॲक्टिव्हिजनचं बघून ज्याला त्याला गेम काढावासा वाटू लागला आणि दुकानं भिकार कॅसेटींनी भरली. १९८२ च्या नाताळासाठी अटारीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या प्रोग्रॅमरकडून अवघ्या पाच आठवड्यांत करून घेतला. लाखो प्रती काढल्या. खपल्या त्याहून फार कमी. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारीने नको झालेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. ही भाकडकथा आहे असं बरीच वर्षं लोक म्हणत राहिले. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे खणलं तेव्हा ‘ई.टी.’ खरोखरच बाहेर आला.

एकट्या त्या गेमने धंदा बुडाला नाही, पण धंदा बुडाला हे खरं. अमेरिकेत १९८३ मध्ये तीन अब्ज डॉलरच्या वर असलेली घरगुती गेमची उलाढाल १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आली. गिऱ्हाईक एकदा फसलं, दोनदा फसलं, मग त्याने दुकानाची पायरी चढणंच सोडलं.

निन्टेन्डो १९८५ मध्ये अमेरिकेत उतरली ती हा धडा पाठ करून. तिच्या मशीनमध्ये एक कुलूप-चिप होती. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये नसेल तर गेम चालतच नसे. बाहेरच्या कंपनीला परवाना घ्यावा लागे आणि वर्षाला पाचच गेम काढता येत. खोक्यावर सोनेरी गोल शिक्का: गुणवत्तेची हमी. मात्र हा शिक्का मारणारी निन्टेन्डोच आणि दर कॅसेटमागे पैसे घेणारीही निन्टेन्डोच. गेम चालेल, मध्येच बंद पडणार नाही, एवढं त्या शिक्क्यावरून कळे. मजा येईल की नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. १९८८ मध्ये कंपनीने ‘निन्टेन्डो पॉवर’ हे स्वतःचं मासिकही काढलं. वधूपक्ष, वरपक्ष आणि भटजी एकाच घरातले.

जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या मूळ फॅमिकॉममध्ये मात्र ती कुलूप-चिप नव्हती. म्हणून तिची नक्कल करणं सोपं गेलं, आणि तीच नक्कल आपल्याकडे पोचली. शिक्का नाही, परवाना नाही, मासिक नाही. ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटचा जन्म त्या मोकळ्या दारातून झाला. अमेरिकेतल्या मुलाला कंपनीचा शिक्का मिळाला आणि आम्हाला गल्लीतला मुलगा. सौदा अगदीच तोट्याचा नव्हता.

टक्केवारी

आकड्याचं खरं बालपण गेलं ब्रिटनमधल्या लडलो नावाच्या छोट्या गावात. तिथल्या ‘न्यूजफील्ड’ या प्रकाशनाने १९८४ च्या फेब्रुवारीत ‘क्रॅश’ आणि १९८५ च्या मे महिन्यात ‘झॅप सिक्स्टीफोर’ ही मासिकं काढली. तिथले गेम खऱ्याखुऱ्या ऑडिओ कॅसेटवर येत आणि चालत घरगुती संगणकांवर. ‘क्रॅश’ने गावातल्या शाळकरी मुलांना परीक्षणाला बसवलं. एका गेमवर तीन मतं, आणि खाली टक्के: चित्रं किती, आवाज किती, चटक लावायची ताकद किती. सगळ्यांची गोळाबेरीज शेवटी. ‘झॅप’मध्ये प्रत्येक परीक्षकाचा चेहरा रेखाटलेला असे, गेम आवडला तर चेहरा हसरा, नाही तर वाकडा. कोणत्या चेहऱ्याची आवड आपल्याशी जुळते ते वाचकाला दोन-तीन अंकांत कळून जाई. टक्के होते, पण टक्क्यांना तोंड होतं.

जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ने हीच गोष्ट जपानी टापटिपीने केली. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, बेरीज चाळीसपैकी. पैकीच्या पैकी गुण मिळवायला पहिल्या गेमला बारा वर्षं लागली: १९९८ चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’. पुढे चाळीसपैकी चाळीस मिळवणारे बरेच झाले, आणि त्यात नवल राहिलं नाही.

मार्कांची महागाई आपल्याला नवी नाही. एके काळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळाला की पेढे वाटणारं घर आता नव्वदला ‘जरा कमीच पडले’ म्हणतं. तरी आपल्या एसएससी बोर्डात निदान पस्तीसला पास होता येतं. गेमच्या दुनियेत सत्तर म्हणजे काठावर आणि साठ म्हणजे नापास. अमेरिकी शाळांत साठच्या खाली गेलं की नापास समजतात, त्या सवयीचा यात हात असावा. पण तेवढंच कारण नाही. परीक्षकाला गेमची प्रत फुकट मिळे, तीही बाजारात यायच्या आधी. ती पाठवणारी कंपनीच त्याच अंकात पानभर रंगीत जाहिरात देई. पुढच्या महिन्याची प्रत वेळेवर हवी असेल तर यजमानाला चारचौघांत चार मार्क देणं जड जाणारच. गल्लीतल्या मुलाची पहिली गोष्ट इथे गळून पडली. पैसे आता त्याचे नव्हते.

अपवाद होते. १९९३ मध्ये निघालेलं ब्रिटिश मासिक ‘एज’ मार्कांच्या बाबतीत कंजूष म्हणून नावाजलं. त्याने पहिले दहापैकी दहा दिले ते १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ला. त्याआधी जगभर गाजलेल्या ‘डूम’ला याच मासिकाने सात दिले होते, आणि परीक्षणात खंत अशी होती की या राक्षसांशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यावरून ‘एज’ची तीस वर्षं थट्टा चालली आहे. मला तो परीक्षक आवडतो. त्या मताला माणसाचा वास आहे. सातचा आकडा पुसून टाकला तरी त्याचं म्हणणं शिल्लक राहतं, आणि पुढे बोलणाऱ्या राक्षसांचे गेम निघालेच.

तुझं मशीन, माझं मशीन

परीक्षण महाग वस्तूवर लागतं, आणि गेमपेक्षा महाग असतं कन्सोल. आईवडील दोन मशीनं घेऊन देणार नाहीत, हे प्रत्येक देशातल्या मुलाला माहीत असतं. म्हणून घेतलेल्या मशीनची बाजू लढवणं भाग पडतं. नाही तर आपण फसलो हे कबूल करावं लागेल. १९८९ पासून सेगा या स्पर्धक कंपनीने अमेरिकेत याच भावनेवर जाहिरातींचं दुकान मांडलं, निन्टेन्डोचं नाव घेऊन तिला खिजवलं, आणि १९९१ मध्ये ‘सॉनिक’ पळवून मारिओला म्हातारा ठरवलं.

या भांडणातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात परिणामकारक शेरा मात्र १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात मारला गेला. सेगाने आपलं ‘सॅटर्न’ ३९९ डॉलरला जाहीर केलं. काही वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशनची किंमत होती ती. टाळ्यांचा कडकडाट झाला. अठरा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आणि सोनीने प्लेस्टेशन ४ हे ३९९ ला जाहीर केलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. कन्सोलबद्दलच्या हजारो मतांच्या तळाशी बहुतेक वेळा हाच शंभर डॉलरचा फरक सापडतो.

मशीनशी निष्ठा जडली की मार्क हे गेमचे राहत नाहीत, आपले होतात. २००६ च्या नोव्हेंबरात ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळावर परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी ‘झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’ला दहापैकी ८.८ दिले. ८.८ म्हणजे आपल्याकडे विशेष प्रावीण्य. निन्टेन्डोच्या भक्तांनी त्यावरून असं रान उठवलं की जणू मुलाला नापास केलं. गेम त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातीही आला नव्हता. ज्याचा खेळ अजून खेळलोच नाही त्याच्या मार्कांवरून भांडायचं, ही नवी रीत होती.

पुढच्याच वर्षी त्याच गर्स्टमननी ‘केन अँड लिंच’ या गेमला सहा दिले. त्या वेळी गेमस्पॉटची पानं त्याच गेमच्या जाहिरातींनी सजलेली होती. २००७ च्या नोव्हेंबरात त्यांना कामावरून काढण्यात आलं. गेमच्या कंपनीने जाहिराती काढून घेण्याचा दम दिला आणि व्यवस्थापन वाकलं, असं त्यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. मधल्या काळात त्यांनी ‘जायंट बाँब’ हे स्वतःचं ठिकाण उभं केलं होतं, जिथे परीक्षक तासन्‌तास गप्पा मारत गेम खेळून दाखवत. लोक आकड्यापेक्षा त्या माणसांसाठी तिथे जात.

हिरवा, पिवळा, लाल

२००१ च्या जानेवारीत ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झालं. कल्पना साधी: जगभरच्या परीक्षणांतले मार्क गोळा करायचे, कुणाचे चाळीसपैकी, कुणाचे शंभरपैकी, कुणाचे तारे, सगळे शंभराच्या मापात बसवायचे आणि सरासरी काढायची. गेमसाठी ७५ आणि वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. मराठी वाचकाला गंमत वाटेल. आपल्या बोर्डातही डिस्टिंक्शनची रेघ ७५ वरच आहे. फरक असा की आपल्या गुणपत्रिकेवर विषयवार मार्क असतात. इथे कोणत्या परीक्षकाच्या मताला किती वजन द्यायचं ते मेटाक्रिटिक स्वतः ठरवतं आणि ते कुणाला सांगत नाही.

पन्नास-साठ माणसांची आवड-नावड एका कढईत घोटल्यावर जे उरतं त्याला कुणाचाच चेहरा नसतो. ‘झॅप’मधली हसरी-वाकडी तोंडं गेली. परीक्षक आपल्या ओळखीचा असण्याची गोष्ट इथे गळाली.

असा सुटसुटीत आकडा हिशेबनिसाला फार आवडतो. भागधारकांना दाखवायला तो सोपा, करारात लिहायला त्याहून सोपा. ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओने बेथेस्डा कंपनीसाठी ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ बनवला, तो २०१० च्या ऑक्टोबरात आला. करारात कलम असं होतं की मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर स्टुडिओला बक्षिसाची रक्कम. मिळाले ८४. ही हकिकत स्टुडिओचे ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितली. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी परीक्षकाने त्या संध्याकाळी आठऐवजी साडेआठ लिहिले असते तर काय झालं असतं, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बंद पाकिटात काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी जन्मलेला आकडा आता ज्याने पाकीट भरलं त्याच्याच पगारावर बसला होता.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ आणला, तेव्हाही कर्मचाऱ्यांचा बोनस मार्कांशी जोडलेला होता. परीक्षकांना आधी दिली गेली ती फक्त संगणकावरची प्रत, आणि स्वतः चित्रित केलेली दृश्यं दाखवायला मनाई. सरासरी हिरवीगार आली. मग लोकांनी प्लेस्टेशन ४ वर तो गेम लावला. तो अडखळत होता, बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने त्याला आपल्या दुकानातून काढलं आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. सहा महिने तो तिथे परतला नाही. कंपनीने बोनसची अट मागे घेतली. पुढे गेम दुरुस्त होत गेला आणि २०२३ पर्यंत जवळपास नवा झाला, पण मेटाक्रिटिक पहिलं परीक्षणच धरतं. गेम बदलला, गुणपत्रिका तीच.

न खेळता

मग लोकांनीच मार्क द्यावेत, हा उपाय झाला. त्याचंही काय होतं ते २०२० च्या १९ जूनला दिसलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ दुकानात आला त्याच दिवशी मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पडला. पंचवीस-तीस तासांचा गेम काही तासांत कुणी संपवला असण्याची शक्यता नव्हती. कथेचे काही भाग आधीच फुटले होते आणि राग त्यावरचा होता. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला: गेम आल्यावर ३६ तास वाचकांनी मत द्यायचं नाही. खेळून पाहण्याची तिसरी गोष्ट सक्तीने परत आणावी लागली, तीही दीड दिवसापुरती.

महाराष्ट्राला या गोष्टीचा चटका त्याच वर्षी बसला. युबिसॉफ्ट या कंपनीने २०२० च्या सप्टेंबरात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. ती बनवत होते कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. एवढ्या नावाजलेल्या गेमचा कारभार भारतीय स्टुडिओकडे ही लहान गोष्ट नव्हती. झलक आली आणि जगभर टिंगल सुरू झाली, चेहरे जुनाट आहेत, चित्रं मागच्या पिढीची आहेत. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम पुण्या-मुंबईहून मॉन्ट्रियलला हलवलं गेलं. टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. पण निकाल लागला तो पेपर लिहून व्हायच्या आधी.

पुण्यातच त्या वर्षी उलटंही घडलं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बनवला: भावाला शोधायला निघालेली एक डोंबारीण मुलगी, राजस्थानी किल्ल्या-महालांसारखी बांधणी, पहाडी चित्रांचे रंग आणि मधल्या कथेसाठी सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता, तरी स्टुडिओ टिकला. २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचं नामांकन त्याला मिळालं. परीक्षकांनी रूपाचं कौतुक केलं, लढाईच्या भागावर बोट ठेवलं. मला ते रास्त वाटतं. लढाई मलाही तोकडी वाटली. पण पायऱ्यांच्या विहिरीवरून उडी मारताना जी ओळख पटते, तिला कुठल्या तक्त्यात रकाना नाही.

मग आकडा फेकून द्यावा का? ‘युरोगेमर’ या संकेतस्थळाने २०१५ मध्ये मार्क देणं बंद केलं आणि २०२३ मध्ये तारे देऊन ते पुन्हा सुरू केलं. लोकांना घाई असते, आकडा हवाच असतो. ज्या अंधारात तो जन्मला तो मात्र आता बराच सरला आहे. कुठल्याही गेमचे तासभराचं चित्रण फुकट पाहता येतं. स्टीम या संगणकी गेमच्या दुकानात २०१५ पासून नियम आहे, की घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळून परत केला तर पैसे परत. पावली टाकून बघायचे दिवस जवळजवळ परतले आहेत.

त्याच दुकानात २०१३ पासून गिऱ्हाइकांची मतं छापली जातात, आणि प्रत्येक मताशेजारी दोन बारीक नोंदी असतात: या माणसाने हा गेम किती तास खेळला, आणि त्याला तो फुकट मिळाला होता का. वरचा मोठा आकडा सगळे वाचतात, या दोन नोंदींकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पुढचा गेम घेताना आधी त्या वाचा. मग आपल्या आवडीशी जुळणारे दोन-तीन परीक्षक हेरून ठेवा आणि ते चुकले तरी त्यांनाच वाचत राहा, कारण ते कुठे चुकतात हे तुम्हाला ठाऊक झालेलं असेल. दहापैकी किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. कॅसेटवर तर सात वेळा नऊ लिहिलेलं होतं.